द्रौपदीआत्या आणि बॅलेचा वर्ग

मुलुंडला आमच्या वस्तीत द्रौपदीला लहानथोर सगळे आत्याच म्हणत. खरं तर ती आत्या एकट्या जयंतीची. जयंतीचे वडील शिवदास खरात कारखान्यात फिटर होते, आई विमला पालिकेच्या दवाखान्यात आया. दोघं कामाला गेली की घर द्रौपदी बघायची.

द्रौपदी लहान असतानाच बापानं तिला तमाशाच्या फडात घातलं होतं. तिचं सगळं तरुणपण जत्रांमधून गेलं. छप्पन साली शिवदासनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर आलेल्या पहिल्याच जत्रेत फड गाठून मोठ्या बहिणीला घरी आणलं. घुंगरं फडमालकाची होती, ती तिथंच राहिली. घरात या गोष्टीवर कुणी बोलत नसे. रेडिओवर लावणी लागली की शिवदास मुकाट्यानं उठून बटण फिरवायचा.

पासष्ट साली नऊ वर्षांची जयंती एक दिवस शाळेतून उड्या मारतच घरी आली. शाळेजवळच्या हॉलमध्ये मिस परेरा नावाच्या बाई बॅले शिकवायच्या. त्यांनी वर्गात येऊन काही मुली निवडल्या होत्या, त्यांत जयंती होती.

“बॅले म्हणजे काय गं?” जेवताना विमलानं विचारलं.

“नाच. टाचा उचलून करायचा.”

शिवदासचा घास हातातच राहिला. “या घरात नाच नको. आक्कानं काय भोगलंय ते तुला ठाऊक नाही. विमला, उद्या शाळेत जाऊन सांगून ये.”

जयंती रडायला लागली. द्रौपदी भावाच्याच बाजूनं बोलणार असं सगळ्यांना वाटलं. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली आणि म्हणाली, “थांब शिवा. मी आधी बघून येते. मग काय ते ठरव.”

शनिवारी ती हॉलवर गेली. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर लाकडी दांडा लावलेला होता. तो धरून मुली रांगेत उभ्या होत्या, गुडघे बाहेर काढून हळूच खाली जात होत्या, तशाच वर येत होत्या. कोपऱ्यात तबकडी वाजत होती. वर्ग सुटेपर्यंत द्रौपदी दारात उभी राहिली. मिस परेरा वसईच्या होत्या, त्यांची मराठी साफ होती.

“बाई, हे बघायला कोण येतं?” द्रौपदीनं विचारलं.

“कुणी नाही. आया येतात मुलींना न्यायला.”

“पुरुषमाणसं?”

“वर्गात मी कुणाला येऊ देत नाही.”

“आणि शिकून पुढं काय करायचं पोरींनी?”

“खोटं कशाला सांगू? बहुतेक जणी मोठ्या झाल्या की सोडून देतात. पण ताठ उभं राहायला शिकतात.”

घरी येऊन द्रौपदी भावाला म्हणाली, “तिथं पोरींना कुणाकडं बघून हसायला लावत नाहीत. जाऊ दे तिला.”

“जाऊ दे,” शिवदास म्हणाला. “पण स्टेजवर नाही.”

तेव्हापासून दर शनिवारी द्रौपदीच जयंतीला नेऊ लागली. बाहेरच्या बाकावर बसून ती भाजी निवडायची. सुरुवातीला ती रस्त्याकडे तोंड करून बसे. पुढे पुढे तिचं तोंड हॉलकडे वळलं. जयंतीचा पाय चुकला की तिचे हात भाजीत थांबायचे, पण ती कधी काही बोलली नाही.

अडुसष्टच्या नाताळात मिस परेरांनी पालकांसाठी कार्यक्रम ठेवला. जयंतीला त्यात घेतलं होतं.

“मी आधीच सांगितलं होतं,” शिवदास म्हणाला.

“मी पडद्याआड तिच्याजवळ उभी राहीन,” द्रौपदी म्हणाली. “काही वावगं दिसलं तर हाताला धरून घरी आणीन.” त्यावर तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

त्या संध्याकाळी जयंती मनापासून नाचली. नाच संपला तशा टाळ्या पडल्या, आणि पडद्याआड उभ्या असलेल्या द्रौपदीला जत्रेतली गर्दी आठवली. समोर सगळी चांगली माणसं बसलेली होती, हे तिला कळत होतं. तरी तिला तिथं उभं राहवेना. मागच्या दारानं ती बाहेर आली, तर फाटकाशी शिवदास. कामावरच्या कपड्यांतच आला होता.

“झालं का?” त्यानं विचारलं.

“तिचं झालं. आता सगळ्या मिळून यायच्यात. तू आत का नाही आलास?”

“आक्का, तुला फडातून न्यायला आलो ना, तेव्हाही मी कनातीच्या बाहेरच उभा होतो. तुझं नाव घेऊन लोक शिट्ट्या मारत होते. माझ्यानं आत जाववलं नाही.”

हे तिला ठाऊक नव्हतं. खेळ संपल्यावर तो आला, असंच ती धरून चालली होती.

“म्हणजे तू मला नाचताना कधी बघितलंच नाहीस.”

“नाही.”

“मी चांगली नाचायचे, शिवा,” ती म्हणाली. “लोक वाईट वागले. पण मी चांगली नाचायचे रे.”

इतकी वर्षं शिवदासला बहिणीची दयाच येत आली होती. तिच्या नाचाबद्दल त्यानं तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. द्रौपदीनं त्याचा दंड धरला आणि त्याला आत नेलं. शेवटच्या खुर्च्यांमागे दोघं उभी राहिली. पांढऱ्या फ्रॉकमधली जयंती इतर मुलींबरोबर वाकून नमस्कार करत होती. बापानं पाहिलं ते एवढंच.

पुढल्या वर्षी मिस परेरा भावाकडे ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि वर्ग बंद पडला. जयंती काही दिवस गप्प गप्प होती. मग एका रविवारी म्हणाली, “आत्या, आता तूच शिकव ना मला.”

शिवदास दाढी करत होता. त्यानं वस्तरा खाली ठेवला. “आक्काला वाटलं तर शिकवू दे.”

“नको गं,” द्रौपदी म्हणाली. “शिकवायला उभी राहिले की ती माणसं पण आठवणार. नाही जमायचं मला.”

जयंती रुसली, पण तिनं परत हट्ट धरला नाही. शाळा संपल्यावर ती नर्सिंगला गेली. सत्त्याहत्तर साली द्रौपदीला काविळीनं धरलं, तेव्हा जयंतीच तिच्या उशाशी होती. त्या आजारात द्रौपदी आपणहून फडाबद्दल बोलायची. कुठल्या गावचा मांडव मोठा, कुठला ढोलकीवाला हाताला हलका. शिवदास स्टुलावर बसून ऐकायचा, मधूनच एखादी गोष्ट विचारायचा. आठवडाभरात ती गेली.

वस्तीतल्या बुद्धविहारात शोकसभा झाली. शिवदास बोलायला उभा राहिला. “माझी बहीण कलावंत होती,” एवढंच तो म्हणाला. विमलानं उठून त्याला खाली बसवलं.