मॉरीनचा शेफर्ड्स पाय

ऑफिसच्या फ्रीजमध्ये कुणाकुणाचे डबे साठतात ना, तसे आमच्या ईस्ट टामाकीच्या फॅक्टरीत मॉरीनचे किस्से साठलेत. एक काढायला जावं, तर मागचे चार अंगावर येतात!

मॉरीन आमची अकाउंट्सवाली, मूळची इंग्लंडची. हिवाळा लागला की दर शुक्रवारी तिचा शेफर्ड्स पाय यायचा. खाली लॅम्बचा खिमा, वर कुस्करलेला बटाटा, ओव्हनमधून मस्त खरपूस! रेसिपी तिच्या आईची, त्यात एक मटार इकडचा तिकडे नाही. "कॉलिनची आई गाजर घालायची. गाजर!" कॉलिन म्हणजे तिचा नवरा. सासूला जाऊन वर्षं झाली, पण गाजर अजून जिवंत!

*

माझ्या पहिल्याच शुक्रवारी मी घाबरत सांगितलं, "मी व्हेजिटेरियन."

"नो वरीज, लव्ह!" तिनं वरचा सगळा बटाटा उचलून माझ्या प्लेटमध्ये ठेवला. "घे, व्हेज!"

अख्खं ऑफिस एकदा उघड्या खिम्याकडे बघतंय, एकदा माझ्याकडे!

*

आमच्या नागपूरच्या प्रसन्ननं तर पाय समोर येताच लिंबू-कांदा मागितला.

मॉरीन शांतपणे म्हणाली, "आधी चव घे. अपमान नंतर कर!"

*

मग कॉलिनला हार्ट अटॅक आला. बचावला, पण डॉक्टरांनी मटण-बटर कमी करायला सांगितलं. मॉरीननं सॅलड पुढे केलं, तर म्हणतो, "गवत मेंढीनं खायचं, मेंढीला मी!" दुसरं काही खाईचना. वाळत चालला. एवढी खमकी मॉरीन, फॅक्स मशीनपाशी रडताना दिसली.

मी म्हटलं, "अगं, अर्धा खिमा काढ, मसूर घाल. प्रोटीन, आयर्न, फायबर, सगळं ढीगभर! त्याला कळणारसुद्धा नाही."

"आईच्या पायमध्ये डाळ?"

"आईचं नंतर बघू. आधी नवरा जेवू दे!"

*

शनिवारी मी तिच्या किचनमध्ये. जन्मात मटण न चाखलेली बाई पाय शिकवतेय! पण मसूर दिसल्यावर माझा हात ऐकतोय थोडाच? जिरं, लसूण आणि घरून आणलेल्या डबीतला चिमूटभर हिंग.

मॉरीननं धावत खिडक्या उघडल्या. "गॅस लीक होतोय!"

कॉलिननं पहिला घास घेतला. थांबला. दुसरा घेतला. मग रिकामी प्लेट पुढे, "अजून!" आणि डोळ्यांत चक्क पाणी!

"मॉरीन, इतक्या वर्षांनी जमलं गं तुला! अगदी माझ्या आईच्या हातचा!"

सोमवारी मॉरीननं हिंगाची डबी माझ्या टेबलावर आपटली.

"घेऊन जा ही!"