गाऱ्हाण्याच्या सदरातली दोन इंच जागा

मुलांनो,

पुढच्या महिन्यात तुमच्या आजोबांवरचा स्मरणअंक निघतो आहे. तुमचा बाबा तो तुम्हाला तिकडे पाठवील, आणि त्यात माझाही लेख असेल. लेख खरा आहे, पण पुरा नाही. एक गोष्ट मी त्यात घातली नाही, कारण ती हारतुऱ्यांच्या कार्यक्रमात वाचण्यासारखी नाही. ती तुम्ही माझ्याकडूनच ऐकावी, आणि माझं अक्षर अजून सरळ ओळीत येतं आहे तोवर, म्हणून आज लिहायला बसले.

ऐंशीच्या दशकात तुमचे आजोबा रत्नागिरीत एक साप्ताहिक चालवत. चार पानं, छपाईचे खिळे हातानं जुळवायचे, दर गुरुवारी अंक. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि बुधवारी संध्याकाळी घरी प्रुफं तपासत असे. तिसऱ्या पानावर 'गाऱ्हाणं' नावाचं सदर होतं. आपल्याकडे गावाची दुखणी देवापुढे मांडतात, ते गाऱ्हाणं. गुरव नारळ हातात धरून एकेक मागणं मोठ्यानं बोलतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. त्यावरूनच सदराचं नाव. मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठूनही पत्र येवो, एस.टी. थांबत नाही, मास्तर येत नाहीत, विहीर आटली, ते आलं तसं छापायचं, हा आजोबांचा नियम.

"देव कधी म्हणतो का, आज जागा नाही?" असं ते विचारत. मला हा माणूस आवडला तो बराचसा या एका प्रश्नामुळे.

मग त्यांना विधानसभेचं तिकीट मिळालं. प्रचारातही अंक चुकला नाही. मतदानाआधीच्या बुधवारी ते छापखान्यातून घाईनं घरी आले.

"अगं, गाऱ्हाण्यात दोन इंच जागा उरलीय. काहीतरी दे लिहून."

"त्या सदरात जागा उरली? नवलच."

"सगळे प्रचारात आहेत. पत्रं लिहितंय कोण!"

आमसुलं वर्षभर कशी टिकवावीत यावर मी बारा ओळी लिहून दिल्या.

ते निवडून आले. महिन्याभरात लांज्याच्या पुढच्या एका गावातून निरोप आला. गावानं त्यांच्यासाठी देवाला नारळ बोलला होता, तो फेडायला आमदारांनी जोडीनं यावं. आम्ही जीपनं गेलो. देवळात दाटीवाटीनं माणसं होती. गुरव म्हातारा, पण आवाज खणखणीत.

"बा देवा म्हाराजा, आमचा मानूस निवडून आला, त्येला लय आयुष्य दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमचे चाकरमानी मुंबैस हायत, त्येंना सुखात ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आजोबा लहानपणापासून हे करत आलेले. डोळे मिटून, हात जोडून, मनापासून म्हणत होते. त्यांच्या शेजारी मीही.

"पऱ्यावरचा साकव नवा करून सा म्हयनं झालं नाय, तर फळ्या निखळल्या. शाळेची पोरं पान्यात पडतात. आमी पेपरात कागद धाडला, तो छापून आला नाय. ज्या कुनी तो दाबला आसंल, त्येला सुबुद्धी दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज तुमच्या आजोबांचा होता.

म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि बोटं हारातली झेंडूची फुलं कुस्करत होती. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. बारा ओळींतली आमसुलं डोळ्यांपुढे आली. गुरव पुढच्या मागण्यावर गेलाही होता. शेजारच्या म्हातारीनं मला कोपर मारलं.

"बाय गो, गप का? साथ नाय दिलीस तर देव म्हनंल, हिला कायच नको!"

भोवतालच्या बायका हसल्या. गुरवाला सगळं माहीत होतं की तो भोळेपणानं बोलला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

जीपमध्ये ड्रायव्हर होता, म्हणून घर येईपर्यंत मी बोलले नाही. दार लावल्यावर विचारलं, "पत्र आलं होतं?"

"आलं होतं."

टेबलाच्या खणातून त्यांनी ते काढून दिलं. रेघांचा कागद, सात सह्या, चार अंगठे. साकव, म्हणजे ओढ्यावरचा तो लाकडी पूल, बांधणाऱ्या ठेकेदाराचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. ज्या जीपमधून आम्ही आत्ताच उतरलो होतो, ती त्याचीच. प्रचारभर त्यानंच ती दिली होती.

"अगं, चार दिवसांवर मतदान होतं."

"आता छापा."

"छापून काय होणार? मी साकवच दुरुस्त करून घेतो. काम झाल्याशी कारण."

"आणि तुमचा नियम?"

ते हसले. त्यात कुत्सितपणा नव्हता, शाळकरी मुलीनं काही विचारावं तसं हसले. "तो संपादकाचा होता," म्हणाले आणि पाय धुवायला मोरीकडे गेले. मी कागद हातात धरून तशीच उभी होते. एवढ्या सहज ते दोन माणसांत वाटले गेले होते, आणि मला पत्ता नव्हता.

साकव पावसाआधी दुरुस्त झाला, हेही लिहिलं पाहिजे. पत्र मात्र छापलं नाही. पुढच्या बुधवारी प्रुफं आली, ती मी तशीच परत पाठवली. "दुसरं माणूस बघा," एवढंच म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. सदर चालू राहिलं, पण हळूहळू त्यात आमदारांच्या आभाराचीच पत्रं येऊ लागली. दोन वर्षांनी साप्ताहिक बंद पडलं. आमचा संसार नीट झाला, तुम्ही ओळखत होता ते प्रेमळ आजोबाही खरेच. तरी इतक्या वर्षांनंतरही आमसुलं उन्हात घालताना माझा हात थबकतो. पत्र त्यांनी ठेवून घेतलं, पण त्याची जागा भरून दिली ती मी.

साकवाच्या जागी आता सिमेंटचा पूल आहे. छापखाना विकला. आमसुलांचा तो अंक माझ्या कपाटात आहे, आणि त्याच्या तिसऱ्या पानाला टाचणीनं लावलेलं ते पत्र. शाई फिकी झाली आहे, पण अजून वाचता येतं.