मागचे टायर मोठे

सोनगीरच्या फाट्यावर अभिमनआबांची जीप लांबून ओळखू यायची. पुढचे टायर बेताचे, मागचे चांगले दोन नंबर मोठे आणि त्यांत हवा ठासून भरलेली. रिकामी उभी असली की बांधावर मान घालून चरणाऱ्या म्हशीसारखी दिसे. हसायचं काही कारण नाही. शिरपूरच्या लाइनीवरच्या बऱ्याच गाड्यांचं हेच. आत माणसं कोंबायची, मागच्या पायरीवर आणखी चार-पाच लटकवायची, मग गाडीची शेपूट खाली बसणार नाही तर काय होणार? म्हणून मागं मोठे टायर. भरली की गाडी सरळ.

खोड एकच होती. रिकामी असताना ती मागून हलकी पडायची. जोरात ब्रेक दाबला तर पुढचे टायर रस्ता धरायचे आणि मागचे नुसतेच घसरायचे. लाइनीवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला हे ठाऊक होतं. रिकामी गाडी हळू हाकायची आणि वाटेत भेटेल तो माणूस उचलायचा. आबा तर यात नावाजलेले. एखाद्या म्हातारीनं हात केला की तिच्या शेळीसकट तिला आत घेत.

पण वर्षातून एक दिवस आबा कुणालाच घेत नसत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी येतात आणि त्यांना आणायला घरचं माणूस जावं लागतं. अभिमनआबांना मुलगा नाही, एकुलती एक नूतन, ती नशिराबादला दिलेली. तेव्हा आबाच जात. जीप धुऊन काढत, पुढच्या सीटवर बायकोनं, भिकुबाईनं, शिवलेली गोधडी अंथरत. येताना रस्त्यात कुणी हात केला तर डोकं बाहेर काढून ऐटीत सांगत, "आज भाडं नही शे. आज मनी आंडेर येई राह्यनी!" लेकीनं काय गर्दीत चेंगरून माहेरी यायचं?

दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीलाही असंच झालं. नूतनला सातवा महिना होता. एरंडोलला सावलीत उभ्या असलेल्या बायकांनी हात केला, आबांनी नाही म्हटलं. पुढे एका शेतकऱ्यानं केला, त्यालाही नाही म्हटलं. नूतन पोटावर हात ठेवून बडबडत होती. लेकीचं बोलणं वर्षभरानं कानावर पडत होतं, आबांचा पाय ॲक्सिलरेटरवर कधी जड झाला त्यांना कळलंही नाही.

"पोरगी व्हयनी तं नाव तुम्हीच ठेवा, आबा," ती म्हणाली.

आबा तिच्याकडे वळून हसले. समोर पाहिलं तर मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. त्यांनी सगळं बळ लावून ब्रेक दाबला. पुढची चाकं थांबली, मागची थांबली नाहीत. जीप गर्रकन फिरली आणि नूतनच्या बाजूनं बाभळीवर आदळली.

आबांना खरचटलं तेवढंच. नूतन वाचली. पोटातलं बाळ गेलं. मुलगी होती.

त्यानंतर माणसं भेटायला आली, ड्रायव्हर मंडळी आली, जो तो मेंढपाळाला शिव्या देऊन गेला. आबांना मात्र काय झालं ते पक्कं माहीत होतं. एरंडोलच्या त्या बायका मागं बसल्या असत्या, तो शेतकरी बसला असता, तर मागच्या चाकांना वजन मिळालं असतं, गाडी जागच्या जागी थांबली असती. जन्मभर परक्या माणसांना उचलणाऱ्यानं एक दिवस लेकीच्या मायेपोटी गाडी रिकामी ठेवली, आणि त्या मायेनंच घात केला. हे कुणाला सांगणार? भिकुबाईलासुद्धा त्यांनी सांगितलं नाही. एकटे असले की मात्र माणूस उभ्या उभ्या रडायचा.

मागच्या आखाजीला नूतन आली नाही. सासूनं फोनवर स्पष्टच सांगितलं, "त्या गाडीत आम्ही आमची सून बसवणार नाही." त्यात त्या बाईचं काय चुकलं?

आबांनी धुळ्याला जाऊन मागचे मोठे टायर काढून टाकले, चारही एकसारखे बसवले. जीप आता भरली की मागं टेकायला लागली. फाट्यावरची पोरं चिडवायची, "आबा, गाडी बठी गई का?" माणसं दुसऱ्या गाड्यांत बसायला लागली. आबांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना फक्त एकदा लेकीला त्या सीटवर बसवून सुखरूप घरी आणायचं होतं. तेवढं झालं की पुढे गाडी भंगारात गेली तरी चालणार होती.

यंदा जावयाचा, कुंदनचा, फोन आला. "आबा, या न्यायला."

भिकुबाईनं गोधडी धुऊन दिली. आबा नशिराबादला पोहोचले तेव्हा नूतन पिशवी भरून ओसरीवर बसली होती. वाळली होती पोर. सासूनं चहा दिला, एका शब्दानं टोचलं नाही. आबांनी पिशवी उचलून जीपमध्ये ठेवली आणि पुढचं दार उघडून उभे राहिले.

नूतन जीपपर्यंत आली. दाराच्या कडेला तिनं हात लावला आणि तिथेच थांबली.

"चारी टायर सारखा शेतस, बेटा," आबा घाईघाईनं म्हणाले. "तूच देख."

"देखं, आबा." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "तुमनावर राग नही शे मना. आईनी शपथ, नही शे. पन पाय उचलास नही."

तिनं खरंच पाय उचलून पाहिला. उचलेना. आबांनी तिला आग्रह केला नाही. पिशवी बाहेर काढून तिच्या हातात दिली आणि जीपचं दार हळूच लावून घेतलं.

"मी एसटीमा येस. तुम्ही व्हा पुढे."

कुंदननं तिला भुसावळहून आलेल्या धुळ्याच्या एसटीत बसवून दिलं. आबा पुढे गेले नाहीत. ते एसटीच्या मागं लागले. जळगाव गेलं, एरंडोल गेलं, पारोळा गेलं. एसटी थांबली की तेही रस्त्याच्या कडेला थांबत आणि ती सुटली की निघत. मागून नूतनचं डोकंही दिसत नव्हतं, ती कोणत्या बाजूला बसली आहे हेही कळत नव्हतं.

पारोळ्याच्या पुढे रस्ता मोकळा लागला. मागं रेंगाळणारी जीप बघून एसटीच्या ड्रायव्हरला वाटलं, याला पुढे जायचंय. त्यानं खिडकीतून हात काढून जा म्हणून खुणावलं. आबांनी बाहीनं डोळे पुसले. ड्रायव्हरनं पुन्हा हात हलवला. आबांनी वेग आणखी कमी केला आणि मागंच राहिले.