आप्पांना न कळलेलं झाड

कुणाच्याही घरी गेले की आप्पा आधी परसात जातात, मग घरात. आमच्या साताऱ्याच्या घरी मला बघायला आले, तेव्हाही सगळे पाहुणे बैठकीत बसले आणि हे मागच्या दारी. दहा मिनिटांनी मातीनं माखलेलं बोट घेऊन आत आले आणि माझ्या आईला म्हणाले, "आवं, तुमचा कढीपत्ता उपाशी हाय." माझ्याबद्दल त्यांचं काय मत झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. लग्न मात्र ठरलं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. सांगलीजवळ आमचं उसाचं रान आहे. काळंभोर, पाण्याला कमी नाही. आसपासचे शेतकरी गाडी थांबवून त्यांना सल्ला विचारतात आणि आप्पांचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, "आधी पोटाला घाला, मग मागा." ऊस असो, म्हैस असो की सून, हाच न्याय. नको नको म्हणत असताना माझ्या ताटात तिसरी भाकरी पडते, ती याच तत्त्वाने.

मी मिरजेला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. रक्तातलं मला कळतं, मातीतलं कळत नाही, असं घरात सर्वांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. सहा वर्षांत कुणी मला "इथं काय लावूया?" असं विचारलं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं. म्हणून गेल्या वर्षी पुण्याच्या रोपवाटिकेतून मी हट्टानं ग्रेव्हिलिया आणली. ऑस्ट्रेलियातलं कमरेएवढं झुडूप, कोळ्याच्या पायांसारखी लाल फुलं येणारं. रोपवाला म्हणाला, "सिल्व्हर ओकची धाकटी बहीणच समजा. पण हिला खत घालू नका, पाणी बेतानं द्या." मी ते घरी सगळ्यांना दोनदा सांगितलं.

पंधरा दिवसांत पानं करपली, महिन्यात काडी उरली. ती मी उपटून टाकली. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. त्या संध्याकाळी आप्पांनी घास खाली ठेवला.

"पोरी, तुझं झाड मी मारलं."

"म्हणजे?"

"लय बारीक दिसाय लागलं. म्हटलं, परक्या मुलखातलं लेकरू, उपाशी कसं ठेवायचं? शेणखत घातलं, मूठभर डीएपी घातलं, पाणी तर रोजच."

मला राग आला होता, पण त्या तोंडाकडे बघून हसूच आलं. मग मी समजावलं. ही झाडं हलक्या, निकस जमिनीत वाढलेली. मिळेल तेवढं स्फुरद, म्हणजे डीएपीतलं फॉस्फरस, मुळं ओढून घेतात आणि जास्त झालं की त्यानंच मरतात. आप्पांनी ताटातल्या भाकरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "जेवण घालून मारलं म्हणायचं. दुसरं आण. जागा तू सांग."

मी फाटकाजवळची उंचवट्याची जागा दाखवली. काळी माती काढून मुरूम भरा, म्हटलं.

"मुरमात? तिथं कुसळ तरी उगवंल काय?"

म्हणाले खरे, पण खड्डा त्यांनी स्वतः काढला. त्यानंतरचे महिने आप्पांना फार जड गेले. एकदा मी कामावरून परतले तर झुडपासमोर पेंडीची मूठ घेऊन उभे. मला बघताच वळले आणि मूठ नारळाच्या बुंध्यात टाकली. "नारळासाठीच आणली हुती," म्हणाले. मी मान डोलावली. खोटं बोलणं त्यांना अजिबात जमत नाही, म्हणूनच ते मला इतके आवडतात.

दिवाळीनंतर झुडूप लाल झालं. शिंजीर पक्षी मधासाठी येऊ लागले.

परवा उसाच्या मुळकुजीबद्दल विचारायला एक शेतकरी आले होते. निघताना फाटकाशी थबकले.

"आप्पा, काय फुललंय! ह्याला डोस काय देताय?"

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते. आप्पांनी सवयीनं तोंड उघडलं, मिटलं.

"न्हाई गड्या. ह्यातलं मला कळत न्हाई." मग घराकडे वळून त्यांनी हाक दिली, "पोरी, भाईर ये. ह्यास्नी सांग जरा."

कणीक तशीच टाकून मी गेले. सांगण्यासारखं एकच वाक्य होतं, ते मी चांगलं अर्धा तास सांगितलं. आप्पा शेजारी उभे राहून पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते.