पारास्कीवा मावशीचे पूल

फाटकाशी कुणी आलं की तोंडाआधी त्याचे बूट बघायचे. पाव छातीशी धरून कापायचा. शहर दारापर्यंत आलं तरी बसमध्ये चढताना "शहरात जाऊन येते" म्हणायचं. आणि रस्ता खणणारं यंत्र दिसलं की एक शिवी हासडून सुईत दोरा ओवायचा.

पारास्कीवा मावशीच्या या सवयी लुन्काशूत सगळ्यांना ठाऊक होत्या. लुन्काशू म्हणजे क्रायोवा शहराच्या कडेची मूठभर घरं. तिथे मयत निघालं की प्रत्येक चौकात थांबतं. शवपेटीखाली हाताने विणलेलं कापड अंथरतात. त्याला पूल म्हणतात. त्यावरून जीव पुढे जातो. हे पूल ज्याचे त्याने जिवंतपणीच करून ठेवायचे.

मावशीच्या फाटकापासून दफनभूमीपर्यंत तीन चौक होते. तिने ऐन तरुणपणीच तीन कापडं विणून संदुकीत ठेवली. विषय संपला.

मग शहराने गाव आपल्यात घेतलं. वेशीवरची पाटी गेली. बसचा रस्ता आला, चौथं कापड. गोदामांचा आला, पाचवं. बटाट्याच्या शेतातून नव्या वसाहतीचा रस्ता आडवा गेला, तेव्हा तिने चिडून माग पुन्हा माळ्यावरून उतरवला. रस्त्याच्या कामावरचा साहेब तिथे उभा होता.

"आजी, हे सगळं तुमच्या सोयीसाठीच."

"माझी सोय तीन चौकांत झाली होती रे!"

या वसंतात जुनी विहीर बुजवून तिथे गोल चौक केला. पाच रस्ते, मधे गवत. मावशीने थेट चर्च गाठलं.

"या चौकाला एक कापड पुरे, मावशी," फादर कालिस्त्रात म्हणाले.

"रस्ते पाच आहेत, फादर. जीव चुकून मॉलकडे वळला तर आणायला तुम्ही जाणार?"

शेवटी तिनेच ठरवलं: एकच, पण चांगलं लांब. भाची सोरिना म्हणाली, "बाजारात तयार मिळतं की."

"विकतच्या पुलावरून तू जा."

डोळे अधू झाले होते. विणायला उन्हाळा गेला. मग काठ दुमडायला घेतला. शेजारचा मीत्रू कुंपणावरून ओरडला, "त्या गोल चौकात गाडीसुद्धा थांबू देत नाहीत, तू कुठली थांबतेस! हेलिकॉप्टरने जा!"

"तुझी गाय विकून?"

ही आदल्या संध्याकाळची गोष्ट. सकाळी ती खुर्चीतच गेलेली होती. कापड मांडीवर होतं.

काठ पुरा करायला सोरिनाने सुई हातात घेतली. पण दुसऱ्याचा पूल लुन्काशूत कुणी शिवत नाही. तिने सुई होती तिथेच टोचली.

गोल चौकात मयत थांबलं. मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. फादरांनी प्रार्थना घाईने उरकली नाही. पेटीखाली ते लांब कापड होतं. एक काठ दुमडलेला. दुसऱ्याचे धागे सुटे, आणि अर्ध्यावर सुई.