गरम गल्लीतला बेल्मिरो

बेल्मिरोला उद्या पाणी कोण देणार, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. आज ईस्टरच्या जेवणात त्यानं पाण्याचा अख्खा जग एकट्यानं संपवला. कोकराच्या मांसाला मात्र हातही लावला नाही. उद्या दुपारी दोनला तो पुन्हा त्या गरम गल्लीत शिरेल. तिथं बाटली न्यायला बंदी आहे.

बेल्मिरो माझ्या मुलीचा, इरियाचा पाद्रिन्यु, म्हणजे धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला त्यानं हातांत धरलं होतं. त्याला स्वतःचं मूल झालं नाही. दर वर्षी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी इरियानं त्याला ऑलिव्हची फांदी द्यायची आणि ईस्टरला त्यानं तिच्यासाठी फोलार आणायचा, वर अख्खं अंडं ठेवून भाजलेला गोड पाव. मुलीचं लग्न झालं की फोलार बंद. इरियाचं लग्न सप्टेंबरात आहे, म्हणजे आजचा शेवटचा.

तरुणपणी तो इथल्या लोकरीच्या गिरणीत रंगखात्यात होता. गिरणी बंद पडली आणि बरीच वर्षं जागा तशीच ओसाड पडून राहिली. मग तिथं डेटा सेंटर आलं. आमच्या डोंगराची गार हवा त्यांना फुकट हवी होती. यंत्रांच्या रांगा समोरासमोर. जमिनीखालून गार हवा येते, यंत्रं ती पुढून ओढतात आणि मागून तापलेली हवा बंद दारांच्या गल्लीत सोडतात. गार आणि गरम हवा मिसळली नाही की वीज कमी लागते. हे सगळं मला बेल्मिरोनंच सांगितलं, तिथं त्याला नोकरी लागली त्या आठवड्यात, टेबलावर ब्रेडचे तुकडे मांडून.

त्या हवेवर त्याचा फार जीव. गरम गल्लीत जमिनीतून तारा वर येतात, त्या भोकांतून गार हवा वाया जाते हे त्याला सहन होईना. त्याच्या घरी गिरणीच्या वेळचा दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा पडून होता. तो त्यानं कापून भोकाभोकांत गच्च बसवला. इरिया तेव्हा नुकतीच तिथं पाळीची प्रमुख झाली होती. तिनं पाहिलं, "पाद्रिन्यु, तू जादूगार आहेस" म्हणाली, आणि पंखे मंद केले. विजेचा आकडा इतका उतरला की लिस्बनहून मोठे साहेब आले. ढाल इरियाला मिळाली. बेल्मिरोनं तिचा फोटो फ्रिजवर लावला.

आणि मग नमद्याला कसर लागली, लोकर खाणारी कीड. लोकरीच्या गावातल्या माणसाला कसर कशी आठवली नाही, असं सगळे विचारतात. पण गिरणीत लोकर पडून राहायचीच नाही. आज आली, उद्या रंगली, परवा गाडीत. कसर लागायला तिला वेळच मिळायचा नाही. इथं ऊब, अंधार आणि न हलणारा नमदा. अळ्यांचे पतंग झाले, पतंग आणि लोकरीचा भुगा यंत्रांच्या जाळ्यांत अडकला, आणि एक दिवस अख्खी रांग तापून बंद पडली.

चौकशीत इरिया म्हणाली, "मला न विचारता केलं त्यानं."

तेव्हापासून तिच्याच हुकमानं तो त्या गल्लीत गुडघ्यांवर बसून चिमट्यानं लोकर उपसतो आहे. यंत्रं चालूच. पारा चाळिशीच्या वर.

आज जेवायला इरियाचा होणारा नवरा लिओनेल होता. तोही तिथंच, कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसतो. बेल्मिरोनं फोलार टेबलावर ठेवला तसा लिओनेल वाकून वास घेत म्हणाला, "कसरबाबा, आत अंडंच आहे ना? की अळ्या?"

इरिया हसली. बेल्मिरोही हसला.

"अरे, जेवताना काय बोलतोस," मी म्हटलं.

"सासूबाई, तुम्ही अजून खरी गंमत पाहिलीच नाही." त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. गल्लीतल्या कॅमेऱ्यातलं चित्र होतं. दोन रांगांच्या मधे बेल्मिरो तारांवर आडवा पडलेला, तोंड उघडं. आणि कर्ण्यातून लिओनेलचा आवाज: "कसरबाबा, झोप झाली का? उशी पाठवू?" मागे कुणीतरी हसत होतं. ते हसणं मी ओळखलं. तिच्या लहानपणापासून ऐकत आले आहे.

बेल्मिरोनं ताटाकडे पाहत जगमधलं उरलेलं पाणी ओतून घेतलं.

मी इरियाला स्वयंपाकघरात ओढलं. "तो बेशुद्ध पडला होता!"

"उठला ना मग? चक्कर आली असेल."

"त्याला तिथून काढ. नाहीतर तो आत असेपर्यंत पंखे तरी वाढव."

"पंखे वाढवले की महिन्याचा आकडा गेला. आई, जूनपर्यंत आकडा टिकला तर मी लिस्बनला जाते. किती वेळा सांगू?"

"आणि तो मेला तर?"

"दाराला कुलूप नाहीये. ढकललं की उघडतं. मी त्याला बांधून ठेवलंय का?" तिनं ताटं धुवायच्या भांड्यात टाकली. "लोकर कोणी कोंबली? मी?"

"तू बघितलं होतंस. जादूगार म्हणाली होतीस."

"मग काय झालं?" ती म्हणाली, आणि केस नीट करत बाहेर गेली.

निघताना मी बेल्मिरोला फाटकापर्यंत सोडायला गेले. त्याचा हात धरला तर भट्टीतून काढल्यासारखा कोरडा. म्हटलं, "तू दार का उघडत नाहीस? जरा बाहेर यावं, पाणी प्यावं."

"दार उघडलं की तिच्या पडद्यावर लाल दिवा लागतो, इल्दा."

"लागू दे!"

"तिचा आकडा बिघडतो." हे त्यानं असं सांगितलं, जणू तिला सर्दी होईल म्हणतोय. मग म्हणाला, "परवा आत पडलो तेव्हा मला वाटलं रंगखात्यातच आहे. आमची ही डबा घेऊन आली होती. बरं वाटलं."

त्याची बायको जाऊन बारा वर्षं झाली.

"उद्या जाऊ नकोस."

"थोडीच लोकर राहिलीय. लग्नाच्या आत संपवतो." आणि टोपी घालून उतारावरून गेला.

फोलार टेबलावरच राहिला. लिओनेलनं वरचं अंडं तेवढं काढून खाल्लं होतं. इरिया पाव न घेताच गेली.

सगळे गेल्यापासून इथं बसून हे लिहिते आहे. इरियाला पुन्हा सांगून पाहीन असं आधी वाटलं. ती पुन्हा तेच विचारेल, दाराला कुलूप आहे का? बेल्मिरोला सांगितलं तर तो टोपी घालून निघेल. ती पडद्यावर त्याला पाहत बसेल आणि तो लाल दिवा लागू नये म्हणून आत बसून राहील. दोघांपैकी कुणीही ते दार उघडणार नाही.

मुलीचं लिस्बन जाईल. कदाचित नोकरीही, कदाचित लग्नही. ती माझ्याशी बोलणार नाही, हे तर नक्की. माझी एकुलती एक मुलगी. रात्रभर मनाशी तिची बाजू मांडते आहे आणि दर वेळी कर्ण्यामागचं ते हसणं ऐकू येतं.

कामगार निरीक्षकाची कचेरी सकाळी नऊला उघडते. बेल्मिरोची पाळी दोनला. नऊ वाजता मी फोन करणार आहे. तिथं कुणाच्या हुकमानं हे चाललंय ते विचारतील. इरियाचं नाव पूर्ण सांगेन, बापाच्या आडनावासकट.