खोक्यातला यंत्रमानव

धाकट्या भावाला सहावं वर्ष लागलं, तेव्हा त्याला यंत्रमानव व्हायचं होतं. वडील अंबरनाथला काडेपेट्यांच्या कारखान्यात होते. युनियनची पत्रकं घरी येत, आणि मी ती भावाला गोष्टीसारखी वाचून दाखवत असे. त्यांतल्या एकात यंत्रमानव होता: न थकणारा, न बोलणारा, मालकाचा लाडका. भावाला नेमका तोच आवडला. मला ते मुळीच पटलं नाही, पण वाढदिवस त्याचा होता.

उल्हासनगरच्या कॅम्पातल्या दुकानातून साबणाचे दोन खोके आणले. सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद खळीने चिकटवला. छातीवर रिकाम्या काडेपेट्यांची बटणं. डोक्याचा खोका पडू नये म्हणून तोही अंगाच्या खोक्याला पक्का चिकटवायचा होता.

"तोंडाला भोक ठेव गं," आई म्हणाली. पावसाळ्यात त्याला डांग्या खोकला झाला होता. उबळ आली की आधी त्याचा आवाजच बंद व्हायचा, मग चेहरा निळा पडायचा.

"यंत्रमानव बोलत नसतो!" भाऊ हटून बसला. शेवटी डोळ्यांपुरती दोन भोकं राहिली.

संध्याकाळी चाळीतली पोरं जमली आणि हुकूम सुटू लागले. "हात वर!" "गोल फिर!" शेजारची सिंधी मुलगी तर मालकीणच झाली. "ए मशीन, पानी ला! जल्दी!" खोका डुलत माठाकडे गेला. मी त्याचा श्वास ऐकू येतो का पाहत होते. त्या गलक्यात काही कळेना.

"खाली बस!" तो बसला.

"ऊठ!" उठला नाही.

"मशीन बिगड गया!" पोरं खिदळली.

"सोन्या," मी हाक मारली. उत्तर नाही. यंत्रमानव बोलत नाही, हे मला ठाऊक होतं. उबळ आलेलं पोरही बोलत नाही, हेही ठाऊक होतं.

"बरा आहेस ना? नुसता हात हलव."

हात हलला नाही. आई पिठाच्या हातांनी धावत आली. मी डोक्याचा खोका ओढला. खळ वाळून कडक झाली होती. शेवटी तो टराटरा फाडला.

आत घामाने निथळणारा, लालबुंद चेहरा.

"मी संपावर होतो!" तो किंचाळला. "ताई, तू संप फोडलास!"

आमच्या घरात याहून वाईट शिवी नव्हती. ती ऐकून घेत मी त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या पाठीला कान लावला.